आठवीतली झोप आणि बारावीतली धावपळ

जून महिना लागला की तालुक्याच्या गावी दोन ठिकाणी माणसांची रीघ लागते. एक बियाण्याच्या दुकानापुढे व दुसरी सेतू केंद्रापुढे. बियाण्याच्या दुकानापुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्यास काय हवे ते पक्के ठाऊक असते. रान कोणते, वाण कोणता, ओल किती खोल गेली म्हणजे चाड्यावर मूठ धरावी, हे त्यास कोणा शहाण्याने शिकवावे लागत नाही. नांगरट उन्हाळ्यातच झालेली असते, खत पडलेले असते, कुळवाच्या पाळ्या झालेल्या असतात. पण तोच शेतकरी मुलाचे बारावीचे गुणपत्रक हाती धरून दुसऱ्या रांगेत उभा राहिला म्हणजे त्याची दशा पाहवत नाही. खिडकीआडचा पोरगा विचारतो, जातीची पडताळणी झाली आहे काय, नॉन-क्रीमीलेअर कोणत्या सालचे, अधिवासाचा दाखला कोठे आहे. आणि बाप मुलाच्या तोंडाकडे व मुलगा बापाच्या तोंडाकडे पाहतो. ज्या रानाची नांगरट चार-पाच वर्षांपूर्वी व्हावयास हवी होती, त्यात ते पेरणीच्या दिवशी पहिल्यांदा उतरलेले असतात.

कॉलेजातील प्रवेश हे बारावीनंतरचे काम नव्हे, ते आठवीत सुरू होते, ही एकच गोष्ट आज आम्हांस आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींस सांगावयाची आहे. आठवी ते बारावी अशी पाच वर्षे आपल्या हाती असतात. त्यांपैकी साडेचार आपण झोपेत घालवतो आणि उरलेल्या सहा महिन्यांत कर्ज काढून धावतो. याला तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात.

पूर्वी विद्येचे वतन काही थोड्या घराण्यांकडे होते. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी जी कैफियत मांडली, तीत त्यांची तक्रार हीच होती की, सरकारच्या तिजोरीत पैसा पडतो तो रयतेच्या घामाचा आणि उच्च शिक्षणाचा लाभ उठवतात ते वरचे वर्ग. पुढे शाहू छत्रपतींनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढले, त्याच्यामागून इतर जातींची वसतिगृहे निघाली, आणि १९०२ साली त्यांनी आपल्या संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी शेकडा ५० जागा राखून ठेवल्या. १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था उभी केली. त्या माणसांनी जे दार धक्के मारून उघडले, ते आज कायद्याने कोणासही बंद नाही. पण दार उघडे असणे निराळे आणि दारापर्यंतची वाट ठाऊक असणे निराळे. आजचे वतन माहितीचे आहे. ज्याचा बाप बँकेत, मामा कचेरीत आणि शेजारी प्राध्यापक, त्याच्या मुलाच्या कानावर अकरावीला कोणता विषय घ्यावा, कोणता दाखला केव्हा काढावा, हे सारे रात्री जेवताना पडते. त्याला कोणी तयारी म्हणत नाही. आपल्या मुलाच्या कानावर जेवताना काय पडते? विजेचे भारनियमन, सोसायटीचे कर्ज आणि टोमॅटोचा भाव. मूल मठ्ठ नसते. घरात ती बोलीच नसते.

आणि हेही सांगून टाकतो की, हा माहितगार वर्ग आता एकाच जातीचा राहिलेला नाही. आपल्याच भाऊबंदांतून जे नोकरीच्या शिडीने वर गेले, तेही वर गेल्यावर शिडी ओढून घेतात. जत्रेस येतात, फेटा बांधून घेतात, देवळाच्या जीर्णोद्धारास देणगी देऊन फरशीवर नाव कोरून घेतात. पण गावातल्या आठवीच्या पोरांस ओट्यावर बसवून तासभर चार गोष्टी सांगाव्यात, हे त्यांच्या मनात येत नाही. त्या तासाची किंमत फरशीहून अधिक आहे.

आता आठवीपासून घेऊ. आठवीत शिकणाऱ्या मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. आपल्या राज्यात ती पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. जो निवडला जाईल त्यास नववीपासून बारावीपर्यंत दरसाल १२,००० रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे, सातवीत शेकडा ५५ गुण पाहिजेत (अनुसूचित जाती-जमातींस ५०), आणि मूल सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत पाहिजे. ही शेवटची अट नीट ध्यानात घ्यावी. ज्यांनी पोटास चिमटा घेऊन मूल विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातले, त्यांस ही वाट बंद. अर्ज शाळेमार्फत जातो. सबब ज्या शाळेतून वर्षानुवर्षे एकही अर्ज जात नाही, तेथील हेडमास्तरांस ग्रामसभेत उभे करून कारण विचारण्याचा पालकांस पूर्ण हक्क आहे. आम्ही स्वतः शाळामास्तर आहोत, म्हणून हे लिहिताना आमच्या धंदेबंधूंस राग येईल हे जाणतो. येवो. जनगणना, मतदार याद्या, पोषण आहाराचे हिशेब यांनी मास्तराचा जीव मेटाकुटीस येतो हे खरे. पण त्या ओझ्याखाली चिरडले जाते ते पोर आपलेच असते, कोणा साहेबाचे नव्हे.

शिष्यवृत्ती मिळाली तर उत्तमच. न मिळाली तरी त्या परीक्षेने एक मोठे काम होते. मुलाचे पाणी किती खोल आहे ते आठवीतच कळते. आमचा अनुभव असा की, आठवीत आलेल्या कितीतरी मुलांस अपूर्णांकांची बेरीज येत नाही. त्यास ती पाचवीत यावयास हवी होती. तीन वर्षे तो झाकून नेतो, कारण वर्गात चाळीस मुले असतात व मागच्या बाकावर अंधार असतो. पुढे बीजगणित येते, तेव्हा त्यास वाटते की बीजगणित अवघड आहे. बीजगणित अवघड नसते. पाया खचलेला असतो आणि भिंत वर चढवीत असतात. गवंड्याच्या घरी हे समजावून सांगण्याची गरज नाही. आठवीतील मुलाच्या बापाने, तो स्वतः निरक्षर का असेना, मास्तरांस एवढेच विचारावे : ‘याला अपूर्णांक, टक्केवारी व त्रैराशिक येते का?’ उत्तर नाही असे आले तर त्या वर्षी दुसरे काही नको, एवढेच पक्के करून घ्यावे. आठवीत ते दोन महिन्यांचे काम आहे. अकरावीत ते होत नाही.

दुसरी अडचण भाषेची. मराठी शाळेत मूल नीट समजून शिकते, हे आमचे ठाम मत आहे, आणि ते मत आम्ही कोणाच्या दडपणाखाली बदलणार नाही. परंतु अकरावीला विज्ञान शाखेत गेल्याबरोबर सगळी पुस्तके इंग्रजीत येतात. ज्या मुलास प्रवेग, संयुजा, अपवर्तन, पेशी हे सारे मराठीत पाठ आहे, ते मूल वर्गात मुके होऊन बसते. त्यास विषय येतो, पण विषयाचे नाव येत नाही. दिवाळीपर्यंत ते खचते व संक्रांतीला कला शाखेत नाव घालून द्या म्हणून घरी रडते. यावर उपाय पाचवीपासून इंग्रजी शाळेची फी भरणे हा नव्हे. बालभारतीच्या मराठी विज्ञानाच्या पुस्तकात मराठी शब्दाशेजारी कंसात इंग्रजी शब्द छापलेला असतो. तो कंस आमचे मास्तर वाचताना सोडून देतात आणि मुलेही सोडतात. दररोज त्यांतले पाच शब्द वहीत उतरून घ्यावेत, अर्थ मराठीतच समजून घ्यावा. शाळेचे दिवस वर्षास दोनशे धरले तरी आठवी, नववी व दहावी या तीन वर्षांत तीन हजार शब्द होतात. एवढी शिदोरी असली म्हणजे अकरावीचे पुस्तक परके वाटत नाही. खर्च एका वहीचा.

दहावीनंतर वाट फुटते, आणि येथे जितकी मुले वाट चुकतात तितकी दुसरीकडे कोठेही चुकत नाहीत. गणिताला भिऊन मुलगा अकरावीला गणित सोडतो. शेजारचा पोरगा म्हणतो, ‘बायोलॉजी घे, सोपे असते.’ दोन वर्षांनी त्यास अभियंता व्हावेसे वाटते, तेव्हा कळते की भौतिकशास्त्र व गणित बारावीला नसेल तर महाराष्ट्रातील अभियांत्रिकीच्या पदवीचे बहुतेक दार बंद. दुसरा मुलगा जीवशास्त्र सोडतो. त्यास वैद्यकीयची नीट परीक्षा देता येत नाही. निर्णय पंधराव्या वर्षी होतो आणि त्याचा निकाल अठराव्या वर्षी लागतो. म्हणून आमचे सांगणे असे की, विज्ञानास जाणाऱ्या मुलास झेपत असेल तर गणित व जीवशास्त्र दोन्ही ठेवावीत. झेपत नसेल तर कोणते सोडतो व त्याने कोणती दारे बंद होतात, हे अर्ज भरण्यापूर्वी एका कागदावर लिहून बापास वाचून दाखवावे. शेतकीचे शिक्षण घेऊन राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठांकडे जावयाचे असेल तरी बारावी विज्ञान व राज्याची सीईटी लागते. शेतकऱ्याच्या पोरास शेतकी कॉलेज आपोआप मिळते अशी समजूत खेडोपाडी आहे. ती खोटी आहे.

कारागिरांच्या घरांस एक वेगळी वाट दाखवावीशी वाटते. दहावीच्या गुणांवर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका करता येते. त्यास सीईटी नाही, नीट नाही. पदविका झाल्यावर गुण चांगले असतील तर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळतो. लोहाराच्या पोराला लोखंड किती तापले ते रंगावरून कळते. सुताराच्या पोराची नजर सूतभर वाकडेपण पकडते. हे ज्ञान कोणत्याही क्लासात विकत मिळत नाही. अशा मुलास अकरावी-बारावीच्या घाण्याला जुंपून त्याच्या हातातली कला मारण्यापेक्षा ही वाट बरी. मात्र येथे दहावीचे गुण हेच भांडवल असल्यामुळे नववी-दहावीत हयगय चालावयाची नाही. आणि कला शाखा म्हणजे नापासांचा पांजरपोळ ही जी समजूत आम्हीच मास्तरांनी पसरवली आहे, ती टाकून द्यावी. वकिलीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम बारावीनंतर कोणत्याही शाखेच्या मुलास खुला आहे. त्याची वेगळी सीईटी असते व तिचा अर्ज बारावीच्या वर्षातच भरावा लागतो. नियम बदलतात हेही लक्षात असू द्यावे. बीबीए, बीसीए यांसारख्या अभ्यासक्रमांस पूर्वी बारावीच्या गुणांवर सहज जागा मिळे; २०२४ सालापासून राज्याने त्यांसही सीईटी लावली, आणि ज्यांच्या कानावर ती बातमी गेली नाही ती मुले पहिल्याच वर्षी चुकली.

आता अकरावी. हे वर्ष म्हणजे दहावीच्या श्रमानंतरचा विसावा, असे मानण्याची जी रीत पडली आहे ती आमच्या मुलांचा घात करते. राज्याच्या सीईटीत शेकडा २० भाग अकरावीचा व ८० भाग बारावीचा असतो. नीट आणि जेईई या परीक्षांत तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम येतो. जो अकरावी झोपून काढतो, त्याने बारावीत दोन वर्षांचे ओझे एका पाठीवर घेतले. ज्याची मागची पाळी चुकली त्याचे तण पुढच्या पाळीत निघत नाही.

या भीतीवरच क्लासवाल्यांचा धंदा उभा आहे. ‘इंटिग्रेटेड’ नावाचा एक प्रकार सध्या बोकाळला आहे. मुलाचे नाव कोठल्यातरी आडगावच्या ज्युनिअर कॉलेजात, आणि मूल बसते शहरातल्या क्लासात. तेथे प्रयोगशाळेचे तोंड त्याने पाहिलेले नसते. भौतिक, रसायन व जीवशास्त्र यांत प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, ते कसे मिळतात हे उघड गुपित आहे. लातूरला किंवा कोट्याला मूल पाठवण्यासाठी एकर-दीड एकर गहाण पडल्याची उदाहरणे प्रत्येक गावात आहेत. क्लास म्हणजे सगळाच भामटेपणा असे आम्ही म्हणत नाही. काही ठिकाणी मन लावून शिकवतात व गरिबांची मुले तेथून वर गेली आहेत. पण जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत सोळा वर्षांखालील मुलास किंवा दहावीची परीक्षा होण्यापूर्वी क्लासात घेऊ नये, प्रवेशाची अगर गुणांची हमी देऊ नये, आणि मुलाने मध्येच सोडल्यास उरलेल्या मुदतीची फी परत द्यावी, असे स्पष्ट सांगितले आहे. तरीही आठवीच्या पोराच्या बापापुढे ‘फाउंडेशन बॅच’चा कागद सरकवणारे दलाल बाजारच्या दिवशी हिंडत असतात. त्यांस हे वाचून दाखवावे व चहा पाजून परत पाठवावे.

परराज्यात मूल पाठवणाऱ्यांसाठी आणखी एक इशारा. वैद्यकीयच्या सरकारी कॉलेजांतील शेकडा ८५ जागा राज्याच्या असतात, आणि त्या मिळण्यास महाराष्ट्राचा अधिवास तर लागतोच, शिवाय काही थोडे अपवाद सोडल्यास दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातील शाळा-कॉलेजांतून झालेली असावी लागतात. क्लाससाठी राजस्थानात धाडलेल्या मुलाचे नाव तेथल्याच शाळेत घातले, तर त्याने नीटमध्ये कितीही गुण मिळवले तरी घरच्या राज्याच्या जागांवरचा त्याचा हक्क जातो. एवढे मोठे नुकसान एका सहीने होते आणि ती सही बाप न वाचता करतो.

अभ्यासाचे झाले. पण आमच्या मते आपल्या वर्गाच्या मुलांचा घात अभ्यासापेक्षाही कागदाने अधिक केला आहे, आणि ते दुःख असे की त्यात मुलाचा काडीचाही दोष नसतो.

जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात. बहुतेक घरांत तो असतो आणि त्यावरच समाधान असते. पण व्यावसायिक शिक्षणाच्या राखीव जागेसाठी तो पुरत नाही. जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीने तो तपासून वैधतेचा दाखला द्यावा लागतो. (अनुसूचित जमातींच्या समित्या वेगळ्या आहेत.) विज्ञानाच्या मुलास त्यासाठी अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजच्या पत्रासह अर्ज करता येतो. समितीपुढे सिद्ध काय करावयाचे? की आपले घराणे त्या जातीचे आहे व ठराविक तारखेपूर्वीपासून या राज्यात राहत आहे. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे मुलाचा नव्हे, बापाचाही पुष्कळदा नव्हे, तर आजोबाचा किंवा पणजोबाचा कागद हुडकावा लागतो. ज्याच्या घराण्यात तीन पिढ्या शिकलेल्या, त्याच्या कपाटात तो असतो. ज्याचा आजोबा शाळेची पायरी चढला नाही, त्यासच पुरावा आणण्याचे कष्ट अधिक. हा न्याय उफराटा आहे, असे आम्ही पूर्वीही मानत होतो व आजही मानतो. पण न्याय बदलेपर्यंत मुलाचे वर्ष थांबत नाही.

आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टराचा उतारा हा उत्तम पुरावा. ते गेले नसतील तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक असते. त्यात गावातील जन्म-मृत्यूच्या नोंदी जातीसह असतात. जुन्या नोंदी मोडीत असतात व त्यांचे लिप्यंतर अधिकृत जाणकाराकडून करून घ्यावे लागते. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा कितीतरी कचेऱ्यांतील ही दप्तरे प्रथमच उघडली गेली. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाची पडताळणी झाली असेल, चुलता, चुलत भाऊ, बहीण, आत्या, तर वंशावळीसह तो दाखला जोडल्याने काम पुष्कळ सोपे होते. आणि येथेच आपली भाऊबंदकी आडवी येते. बांधावरून दहा वर्षे बोलणे नाही, म्हणून चुलता पुतण्यास दाखल्याची नक्कल देत नाही! बांध हातभर, त्यापायी घराण्यातले पोर कॉलेजला मुकते. अशा माणसास गावाने तोंडावर जाब विचारावा.

नावांचा घोळ हे दुसरे दुखणे. शाळेत ‘रामा’, सातबाऱ्यावर ‘रामचंद्र’, आधारावर ‘रामू’. आडनाव एका ठिकाणी धंद्याचे, दुसऱ्या ठिकाणी गावाचे. जातीच्या रकान्यात नुसते ‘हिंदू’ लिहून मोकळा झालेला एखादा आळशी मास्तर कधीच मरून गेलेला असतो व त्याच्या आळसाचे प्रायश्चित्त नातू घेत असतो. मूल शाळेत आहे तोवर त्याच्या नावातील, जन्मतारखेतील व जातीच्या नोंदीतील चूक रीतसर मंजुरी घेऊन सुधारता येते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एकदा ती चूक गेली की मग फार यातायात पडते. सबब नववीत असताना प्रत्येक पालकाने शाळेत जाऊन आपल्या मुलाची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्यावी.

उत्पन्नाचा दाखला व नॉन-क्रीमीलेअर या दोन गोष्टी एकच आहेत असे पुष्कळ जण समजतात. त्या एक नाहीत. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून मिळतो, त्यात घरचे सगळे उत्पन्न येते व तो फीच्या सवलतीस लागतो. नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची मर्यादा २०१७ पासून ८ लाखांची आहे, आणि तेथे शेतीच्या उत्पन्नाची बेरीज त्यात होत नाही. तेव्हा ‘आपला ऊस मोठा आहे, आपल्याला तो मिळणार नाही’ असे कट्ट्यावर ऐकून घरी बसू नये. त्या दाखल्यास मुदत असते. मुदत संपलेला कागद म्हणजे कोरा कागद. वेळेत वैधता किंवा हा दाखला हजर न झाल्यास मूल राखीव जागेतून उठून खुल्या जागेच्या रांगेत जाते, व फीही खुल्याची पडते. सरकारने काही वर्षी मुदतवाढ दिली आहे खरी, पण मुदतवाढीवर विसंबून राहणे म्हणजे वळवाच्या भरवशावर पेरणे होय.

फीविषयी एक गोष्ट विशेषतः मुलींच्या आईबापांनी ऐकावी. २०२४-२५ या वर्षापासून इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांतील ज्या मुलींच्या घरचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांची व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी व परीक्षा फी सरकारने पूर्ण माफ केली आहे. त्याआधी ती निम्मी माफ होती. पण ही माफी सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून जागा घेतली तरच मिळते. संस्थेच्या कोट्यातून जागा घेतली, किंवा अभिमत अगर स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठात नाव घातले, तर ती नाही. हे ठाऊक नसल्यामुळे दलालाच्या नादाने कोट्यातली जागा विकत घेणारे आणि मग फीसाठी बैल विकणारे असतात. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, जमातींसाठी स्वयंम्, इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. हे सारे पैसे मुलाच्या आधार जोडलेल्या बँक खात्यात येतात. ते खाते दहावीतच उघडून ठेवावे. फी माफ झाली, तेव्हा ‘मुलीला शिकवायला पैसा कोठे आहे’ ही सबब आता उरली नाही. बारावीच्या परीक्षेआधी सोयरीक जमवणाऱ्यांनी दुसरी सबब शोधावी व ती आम्हांस कळवावी. आम्ही ती याच जागी छापू.

ज्यांची मुले यंदा आठवीत किंवा नववीत आहेत, त्यांनी उन्हाळ्याची वाट पाहू नये. आजोबा ज्या शाळेत गेले त्या शाळेच्या हेडमास्तरांकडे साध्या कागदावर अर्ज करावा. त्यात आजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, गाव आणि ते अंदाजे कोणत्या साली शाळेत गेले, एवढे लिहिले म्हणजे पुरे. मास्तरांनीही वाळवीने खाल्लेल्या रजिस्टरांची पाने उजेडात धरून त्यांची छायाचित्रे आताच काढून ठेवावीत, कारण पुढच्या पावसाळ्यात त्यांतली किती उरतील याचा नेम नाही. शाळेत जाण्याचे साल घरात कोणासच आठवत नसेल तर आजीस विचारावे. तिला सनावळी येत नसली तरी ती गोष्ट १९६१ साली पानशेत फुटले त्याच्या आधीची की नंतरची, १९६७ साली कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आजोबा शाळेत होते की नांगरावर, हे तिला बरोबर सांगता येते.